खुर्चीवर सॅक आहे, माणूस कुठंय? लायब्ररीत जागा धरण्यामागचं लॉजिक

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि 'काय म्हणतात ते' काढून टाकलेत. बाकी जसं बोललो तसं.)

[००:००] रुमाल

 

आज एका प्रश्नाने सुरुवात करतो. एसटी स्टँडवर गाडी लागता लागता खिडकीतून आत रुमाल टाकलाय कधी? मी टाकलाय. एकदा रुमाल नव्हता तर चप्पल टाकली होती. आणि गंमत बघा, आत चढलेला माणूस ती चप्पल उचलून बाजूला ठेवत नाही. "कुणीतरी धरलीय" म्हणतो आणि पुढे जातो. कुठे लिहिलेला नियम नाही, तरी सगळ्यांना मान्य.

रुमालाचं हे लॉजिक चालतं, कारण पाच-दहा मिनिटांत गाडी सुटते. गाडी सुटली की रुमालाचं काम संपलं. एक तर माणूस येऊन बसलेला असतो, नाहीतर कंडक्टर म्हणतो, "कुणाचं आहे हे? बसा हो तुम्ही."

आता हाच रुमाल लायब्ररीच्या रीडिंग हॉलमध्ये आणा. तिथे गाडी सुटतच नाही. सकाळी ८ ला ठेवलेली सॅक रात्री ८ पर्यंत खुर्चीवर. माणूस कधी लेक्चरला, कधी मेसला, कधी टपरीवर. आणि दाराशी चार जण उभे.

आजचा विषय हाच. विद्यापीठांच्या लायब्ररीत विद्यार्थी जागा कशी धरतात, त्यावर ॲप आणलं की काय होतं आणि तरी भांडणं का मिटत नाहीत. मध्ये एक कबुली पण द्यायचीय, कारण या प्रकरणात मी स्वतः धुतल्या तांदळासारखा नाही.

[०१:५०] सॅकचं गणित

मी बीटेक करत होतो तेव्हाची गोष्ट. लायब्ररीचं नाव सांगत नाही, कारण प्रॉब्लेम एकट्या त्या लायब्ररीचा नाहीच. पीएल लागली की, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, सकाळी दार उघडायच्या आधीच रांग. दार उघडलं की धावाधाव. आणि धावणारा एकटा स्वतःसाठी धावत नाही. एका खुर्चीवर सॅक, दुसरीवर जर्नल, तिसरीवर स्वेटर, चौथीवर पाण्याची बाटली. रूममेट अजून अंघोळीला गेलेला असतो, पण त्याची खुर्ची तयार.

थोडं गणित करू. समजा हॉलमध्ये १०० खुर्च्या आहेत आणि हॉल १२ तास उघडा. म्हणजे दिवसाला १,२०० खुर्ची-तास. आता समजा प्रत्येक खुर्चीवरचा माणूस दिवसभरात ४ तास जागेवर नसतो. लेक्चर, जेवण, चहा, फोन, सगळं धरून. वाया गेले ४०० तास. ४०० भागिले १२, म्हणजे साधारण ३३ खुर्च्या. १०० पैकी ३३ खुर्च्या दिवसभर नुसत्या सॅका सांभाळतायत. कागदावर हॉल फुल्ल, डोळ्यांनी बघितलं तर एक तृतीयांश रिकामा.

मग पोरं असं का करतात? स्वार्थी आहेत म्हणून? मला नाही वाटत. पेट्रोल मिळणार नाही अशी अफवा उठली की काय होतं? ज्याची टाकी अर्धी भरलीय तो पण पंपावर रांग लावतो. आणि त्या रांगेमुळेच पेट्रोल खरंच संपतं. तसंच इथे. "उठलो तर जागा जाईल" या भीतीने मी सॅक ठेवून जातो. माझ्या सॅकमुळे जागा कमी पडते. जागा कमी पडते म्हणून पुढच्याची भीती वाढते. तो पण सॅक ठेवतो. चक्र चालू.

हे फक्त आपल्याकडे नाही बरं का. सिंगापूरमध्ये फूड कोर्टच्या टेबलावर टिश्यू पेपरचं पाकीट ठेवून जागा धरतात आणि त्याला 'चोप' करणं असा खास शब्द आहे. चीनमध्ये या प्रकाराला 'झान झुओ' म्हणतात, शब्दशः जागा अडवणं. कोरियात त्याहून मजा आहे. दुसऱ्याच्या रिकाम्या जागेवर बसायचं, तो आला की उठून तिसऱ्याच्या जागेवर जायचं, असं दिवसभर करणाऱ्याला तिथली मुलं 'मेत्तुगी' म्हणतात. मेत्तुगी म्हणजे नाकतोडा. या खुर्चीवरून त्या खुर्चीवर उड्या!

[०४:२०] ॲप आलं, खुर्ची एक आणि नावं दोन

आमच्याकडे यावर उपाय म्हणून ऑनलाइन बुकिंग आलं. वेबसाइट उघडायची, नकाशावर खुर्ची निवडायची, चार तासांचा स्लॉट घ्यायचा. सिनेमाच्या तिकिटासारखं. आम्ही खूश.

पहिल्याच आठवड्यात ३८ नंबरच्या खुर्चीपाशी दोघं उभे. दोघांच्या फोनवर हिरवा टिक. दोघंही खरं बोलतायत!

हे कसं होतं ते समजून घ्या, कारण तिकीट असो, डॉक्टरची अपॉइंटमेंट असो, सगळीकडे हाच घोळ होतो. समजा एसटीच्या ऑफिसात दोन खिडक्या आहेत आणि रजिस्टर एकच. पहिल्या खिडकीवरचा क्लार्क रजिस्टर बघतो, ३८ रिकामी. तो पेन शोधायला वळतो. तेवढ्यात दुसरा क्लार्क रजिस्टर बघतो, त्यालाही ३८ रिकामीच दिसते. दोघंही नाव लिहितात. चूक कुणाची? बघणं आणि लिहिणं यांच्यामध्ये जी फट राहिली तिची. कॉम्प्युटरमध्ये ही फट काही मिलिसेकंदांची असते. पण ३०० जण एकाच क्षणी बटण दाबत असतील तर तेवढी पुरते. आमच्या भाषेत याला रेस कंडिशन म्हणतात.

उपाय सोपा आहे. "रिकामी आहे का?" हे विचारणं ॲपच्या भरवशावर सोडायचं नाही. डेटाबेसलाच सांगून ठेवायचं, की एक खुर्ची, एक स्लॉट, एकच नाव. दुसरं नाव लिहायला आलं की डेटाबेस स्वतः नकार देतो आणि त्या माणसाला "जागा गेली" असा मेसेज जातो. वाईट वाटतं, पण घरी बसून वाटतं. खुर्चीपाशी येऊन भांडण होत नाही.

आमच्याकडेही तसं दुरुस्त झालं. मला वाटलं, चला, प्रॉब्लेम सुटला. सुटला नव्हता. आणि आता कबुली.

[०६:३०] रात्री बाराची स्क्रिप्ट

बुकिंग रोज रात्री १२ ला उघडायचं. १२ वाजून २ मिनिटांनी खिडकीजवळच्या, प्लग पॉइंटवाल्या सगळ्या जागा गायब. ज्यांनी तत्काळ तिकीट काढलंय त्यांना वेगळं सांगायला नको. सकाळी १० ला एसीचं, ११ ला नॉन-एसीचं बुकिंग उघडतं, आणि त्या पहिल्या मिनिटात छातीत जे धडधडतं ना, तेच.

मी कॉम्प्युटरचा विद्यार्थी. दोन रात्री बसून एक स्क्रिप्ट लिहिली. १२ च्या ठोक्याला ती स्वतः लॉगिन करायची आणि आमच्या रूममधल्या चौघांच्या नावावर शेजारशेजारच्या चार खुर्च्या घ्यायची. आम्ही झोपलेलो. सकाळी उठून फोन बघायचा, चार हिरवे टिक. हॉस्टेलवर मी हिरो. मेसचा रविवारचा गुलाबजाम मला दोन वेळा मिळायचा.

फर्स्ट इयरला माझ्याच डिव्हिजनला एक मुलगा होता, नंतर मेकॅनिकलला गेला. हॉस्टेल परवडत नव्हतं म्हणून रोज एसटीने येऊन-जाऊन करायचा. एका बाजूचा सव्वा तास. पहाटे साडेचारला उठायचा, म्हणून रात्री दहाला झोपायचा. घरी अभ्यासाला जागा नाही, माणसं सात आणि खोल्या दोन. त्याच्यासाठी लायब्ररीची खुर्ची म्हणजे अभ्यासाची एकमेव जागा. तो मला कायम वॉटर कूलरजवळच्या पायऱ्यांवर पुस्तक मांडीवर घेऊन बसलेला दिसायचा.

एक दिवस त्याने मला थांबवलं. म्हणाला, "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? मला सांग, मला बुकिंग कधीच का मिळत नाही? दोन वेळा मुद्दाम बारापर्यंत जागलो. पेज उघडेपर्यंत सगळं लाल. गावात रेंज कमी आहे, त्यामुळे होतं का?"

मी म्हणालो, "हो, बहुतेक नेटच."

मंडळी, हे वाक्य मला आजही आठवतं. खोटं बोलायला मला विचार पण करावा लागला नाही.

पुढे पंधरा दिवसांनी मला राहवेना. कॅन्टीनमध्ये त्याला सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल. तो दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, "मग माझ्यासाठी पण चालव ना ती."

हसू आलं आणि लाज पण वाटली. कारण उत्तर बरोबर होतं आणि तरी चालणारं नव्हतं. त्याच्यासाठी चालवली तर त्याच्या बसमधल्या दुसऱ्यासाठी कोण चालवणार? सगळ्यांकडे स्क्रिप्ट आली की परत ज्याची स्क्रिप्ट फास्ट तो जिंकणार. आधी जो सकाळी पळत यायचा त्याला खुर्ची मिळायची. आता ज्याचं नेट आणि कोड पळतो त्याला. 'जो आधी येईल त्याला' हा नियम ऐकायला सगळ्यांना सारखा वाटतो. पण आधी कोण येऊ शकतं? जो जवळ राहतो, जागू शकतो, ज्याच्याकडे चांगला फोन आहे तो.

आणि आमच्या त्या चार खुर्च्या? रोज भरलेल्या असायच्या का? छे! अर्धे दिवस आम्ही दहा वाजेपर्यंत उठायचोच नाही. हिरवा टिक होता, माणूस नव्हता. आधी सॅक जागा अडवायची, आता ॲप अडवत होतं. निदान सॅक ठेवायला लायब्ररीपर्यंत चालत तरी जावं लागायचं.

[०९:४०] खुर्चीचा सातबारा कुणाच्याच नावावर नाही

नोकरीला लागल्यावर कामात एक कल्पना भेटली आणि डोक्यात एकदम हा रीडिंग हॉल आला. कल्पनेचं नाव लीज.

आपल्याला शब्द माहितीय. जमीन लीजवर घेतात. पुण्यात भाड्याने राहणाऱ्यांना ११ महिन्यांचा करार तोंडपाठ असतो. ११ महिने घर तुमचं, मग नवीन करार करा नाहीतर सोडा. सातबाऱ्यावर तुमचं नाव चढत नाही.

कॉम्प्युटरमध्ये काय व्हायचं? एका मशीनने एखादी फाइल "माझी आहे" म्हणून लॉक केली आणि ते मशीन मध्येच बंद पडलं, तर बाकीची मशीन्स वाट बघत बसणार. लॉक आहे, लॉक लावणारा गायब. अगदी खुर्चीवरची सॅक! १९८९ मध्ये कॅरी ग्रे आणि डेव्हिड चेरिटन या दोघांनी यावर एक शोधनिबंध लिहिला. हक्क द्या, पण ठरावीक वेळेपुरता द्या. ज्याला पुढे हवाय तो मुदत संपायच्या आधी येऊन वाढवून घेईल. कुणी आलंच नाही तर हक्क आपोआप सुटेल. त्याला शोधत फिरायची गरज नाही.

तुमच्या खिशात हे रोज चालू असतं. तुम्ही वायफायला जोडलात की राउटर तुमच्या फोनला एक पत्ता देतो, तो पण लीजवर. साधारण अर्धी मुदत गेली की फोन गुपचूप विचारतो, "मी अजून इथेच आहे, वाढवून मिळेल का?" तुम्ही कॅफेतून निघून गेलात की विचारणारं कुणी नाही. मुदत संपली की तो पत्ता पुढच्या गिऱ्हाइकाच्या फोनला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. जागा धरण्यात चूक काहीच नाही. माणूस आहे, जेवायला उठणार, बाथरूमला जाणार. चूक तिथे आहे, जिथे धरलेली जागा सुटायची सोयच ठेवलेली नाही. एसटीतल्या रुमालाला ती सोय होती.

माझी एक मैत्रीण जर्मनीला एमएस करायला गेली. तिने मला तिच्या लायब्ररीतल्या टेबलाचा फोटो पाठवला. टेबलावर पुठ्ठ्याचं एक गोल घड्याळ. तिथे गाडी पार्क करताना काचेखाली अशी चकती ठेवतात, किती वाजता आलात ते दाखवायला. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांनी तीच कल्पना लायब्ररीत आणलीय. उठताना चकतीवर वेळ लावायची. ठरलेला वेळ, बऱ्याच ठिकाणी तासभर, तेवढ्यात आलात तर जागा तुमची. नाही आलात तर दुसऱ्याने सामान बाजूला सरकवून बसायचं, आणि कुणी रागवायचं नाही. ॲप नाही, सर्व्हर नाही. पुठ्ठ्याची लीज!

[१२:१०] 'मी इथे आहे' हे सिद्ध कसं करायचं?

आता तुम्ही म्हणाल, पुठ्ठा कशाला, ॲपमध्येच टाका की. टाकतात. चीन आणि कोरियातल्या अनेक विद्यापीठांत खुर्ची ॲपवर किंवा दाराजवळच्या मशीनवर घ्यावी लागते. ठरलेल्या मिनिटांत येऊन हजेरी लावायची, वेळ संपत आला की वाढवून घ्यायची. आलाच नाहीत तर बुकिंग रद्द. वारंवार असं केलंत तर काही दिवस बुकिंग बंद.

खरी गोम हजेरीत आहे. टेबलावर क्यूआर कोड चिकटवला, तर पहिल्याच दिवशी कुणीतरी त्याचा फोटो काढून हॉस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतं. मग झोपेतून स्कॅन! टेबलाखाली सेन्सर लावला, तर तो उष्णता आणि हालचाल बघतो. एखादा पुस्तकात बुडून पुतळ्यासारखा बसला असेल तर सेन्सरला वाटतं कुणी नाही. दाराशी आयकार्ड पंच करायला लावलं तर हॉलमध्ये कोण आहे ते कळतं, पण कुठल्या खुर्चीवर ते नाही. कॅमेरा लावला तर सगळं कळतं, पण मला विचाराल तर अभ्यास करताना डोक्यावर कॅमेरा नको. खुर्ची मोजायचीय, माणसावर पाळत ठेवायची नाहीये.

म्हणून शंभर टक्के चोख सिस्टिम बनवायच्या मागे लागू नका. चारातल्या तीन रिकाम्या खुर्च्या जरी सुटल्या तरी दारातली रांग बरीच कमी होते.

[१३:५०] काकांची चिठ्ठी

आमच्याकडे पुढे काय झालं ते सांगतो आणि थांबतो.

मी आणि तो मेकॅनिकलवाला, आम्ही दोघं मिळून ग्रंथपाल मॅडमकडे गेलो. मी स्क्रिप्टचं पण सांगितलं. मॅडम आधी चिडल्या, मग म्हणाल्या, "चौघांचं बुकिंग महिनाभर बंद. आणि आता उपाय पण तुम्हीच सांगा." आम्ही ॲपमध्ये काय काय करता येईल त्याची मोठी यादी घेऊन गेलो होतो. काउंटरवरचे काका ऐकत होते. ते म्हणाले, "मॅडम, मी तासातासाला फेरी मारतोच. खुर्चीवर कुणी नसलं तर वेळ लिहून चिठ्ठी ठेवतो. पुढच्या फेरीला चिठ्ठी तशीच दिसली तर सामान काउंटरला आणतो. ज्याचं असेल तो घेऊन जाईल."

बास. लीज! १९८९ चा शोधनिबंध न वाचता.

बाकीच्या तीन गोष्टी मीटिंग घेऊन ठरल्या, आणि मीटिंगला मुद्दाम एसटीने येणारी मुलं पण बोलावली. एक, रात्री बाराची शर्यत बंद. संध्याकाळपर्यंत कधीही नाव टाका, नंतर चिठ्ठ्या टाकल्यासारखी सोडत. त्यामुळे स्क्रिप्टचा फायदा शून्य. दोन, काही खुर्च्या बुकिंगशिवाय, जो येईल त्याच्या. कारण सगळ्यांकडे दर वेळी नेट असतंच असं नाही. तीन, स्लॉट घेऊन वीस मिनिटांत आला नाहीत तर जागा मोकळी. पहिल्यांदा फक्त समज, दुसऱ्यांदा एक दिवस बंदी, मग आठवडा.

एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या बाईंनी आयुष्यभर हाच अभ्यास केला. गावाचं जंगल, मासेमारी, पाटाचं पाणी, अशा सामायिक गोष्टी लोक कशा वाटून घेतात. १९९० मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं, आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. त्यांना दिसलं ते असं, की नियम जिथे वापरणाऱ्यांनीच बसून ठरवले, लक्ष ठेवायला आपलंच माणूस होतं आणि शिक्षा हळूहळू वाढत जाणारी होती, तिथे सामायिक गोष्ट टिकली. आपल्याकडे धुळे-नाशिक भागातली फड पद्धत आठवा. पाण्याच्या पाळ्या शेतकऱ्यांनी ठरवायच्या आणि पाटकऱ्याने पाणी सोडायचं. आमच्या हॉलचे पाटकरी म्हणजे काका.

सगळं सुरळीत झालं का? नाही. पीएलमध्ये गर्दी राहिलीच, कारण खुर्च्या मुळातच कमी आणि मुलं जास्त. ते कुठलंही ॲप सोडवू शकत नाही, त्याला खुर्च्याच वाढवाव्या लागतात. चिठ्ठीवरून दोन-तीन भांडणं पण झाली. पण वॉटर कूलरजवळच्या पायऱ्यांवर मला तो परत फारसा दिसला नाही. आत, भिंतीकडेच्या, बुकिंग नसलेल्या खुर्च्यांवर दिसायचा. एकदा मी उशिरा आलो तर त्याने हाक मारली, "ये, बस इथे. मी लेक्चरला चाललोय." आणि सॅक उचलून घेऊन गेला.

तर मंडळी, उद्या लायब्ररीत गेलात की एक करून बघा. अर्ध्या तासापेक्षा जास्त उठणार असाल तर सॅक घेऊन उठा. आणि थोडाच वेळ जात असाल तर वहीचं पान फाडून "१:१० ला गेलो, १:४० ला येतो" असं लिहून ठेवा. त्याला चार्जिंग पण लागत नाही.

तुमच्या लायब्ररीत जागा कशी धरतात, मला व्हॉइस नोट पाठवून सांगा. चप्पल ठेवणारे असतील तर नक्कीच सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत अभ्यास करा आणि खुर्ची सोडायला पण शिका!